शेवटच्या चार ओळी

जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा मी दरबारच्या कचेरीत नक्कल-कारकून होतो. म्हणजे कुणीतरी लिहिलेला हुकूम समोर ठेवायचा आणि स्वच्छ अक्षरात त्याच्या चार प्रती उतरवायच्या. सहा वर्षं मी एवढंच केलं. पण बाहेर कुणी विचारलं की सांगायचो, "मी कायद्याच्या कामात आहे." अक्षर सुंदर होतं, हे खरं. कागदावर उतरतं ते थोडंफार डोक्यातही उतरत असणार, असा माझा समज होता आणि तो मी फार वर्षं जपला.

विलीनीकरणानंतर मला दुसरं काम शोधावं लागलं. सातवी पास होतो, म्हणून शाळामास्तर झालो आणि जामसरला गेलो. आजूबाजूच्या पाड्यांवर कागद वाचू शकणारा माणूस शोधून सापडायचा नाही. तलाठी आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचे सहा दिवस सरकार म्हणजे मीच. कुणाला समन्स आलं, कुणाला जंगलवाल्यानं धरलं, की सगळे शाळेच्या ओट्यावर. मी चष्मा पुसायचो, कागदावर वरून खाली डोळा फिरवायचो आणि निकाल देऊन मोकळा व्हायचो. 'विचारून सांगतो' हे शब्द त्या दहा वर्षांत माझ्या तोंडून एकदाही गेले नाहीत. लोकांना ते फार आवडायचं. मला त्याहून जास्त आवडायचं.

सगळ्यात जास्त विश्वास नवसूचा. ओढ्याकाठची दोन खाचरं तो कुळानं कसायचा; त्याच्या आधी त्याचा बाप कसायचा. मालक जव्हारला राहायचा आणि सुगीला तेवढा उगवायचा. त्या खाचरांचे बांध नवसूनं आणि त्याच्या बायकोनं, सकूनं, दगड वाहून स्वतः घातलेले. दर पावसात एखादा बांध फुटायचा आणि दर पावसानंतर ही दोघं तो पुन्हा बांधायची. त्या मातीवर नवसूचा जीव होता. आणि माझ्या शब्दावरही होता.

सत्तावन्नच्या एप्रिलात 'कसेल त्याची जमीन' झाली. मोटारस्टँडवरच्या दुकानात मी ते शिळ्या वर्तमानपत्रात वाचलं, म्हणजे मथळा वाचला, आणि तडक शाळेच्या अंगणात लोक जमवले. "आजपासून तुम्ही मालक! कायद्यानं जमीन तुमच्या नावची केली," असं मी हात वर करून सांगितलं. नवसू नुसता हसत होता. सकूनं मला घरच्या काकड्या आणून दिल्या. जमीन जणू मीच वाटली होती, अशा थाटात मी त्या घेतल्या.

पुढच्या वर्षी, ऐन लावणीच्या दिवसांत, तलाठ्यानं कुळांना एकेक नोटीस दिली. नवसू ती घडी डोक्याच्या फडक्यात बांधून, भिजू न देता घेऊन आला.

मी ती उघडली. वर कायद्याचं नाव, कलम, खाली मालकाचं नाव, कुळाचं नाव, जमिनीचे नंबर. मग जव्हारच्या कचेरीतली एक तारीख. त्याखाली आणखी चार ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत.

का वाचल्या नाहीत, ते सांगायला हवं. दरबारच्या प्रत्येक हुकमाच्या शेवटी ठरलेला मजकूर असायचा. अमुक शिक्क्यानिशी, तमुक मितीस, येणेप्रमाणे जाणावे. सहा वर्षांत मी तो इतक्या वेळा उतरवला होता की शेवटी मूळ कागदाकडे न बघताच लिहायचो. कागदाचा जीव वरच्या भागात असतो, खाली नुसती शोभा, हे माझ्या हाताला पाठ झालं होतं. आणि दरबारचा हुकूम निघाला की निघाला. त्यावर रयतेनं जाऊन 'हो, मला पाहिजे' म्हणण्याचा प्रकारच नव्हता. नवं सरकार आपल्यालाही काही विचारत असेल, हे माझ्या डोक्यात येणार कुठून? मी नवा कागद जुन्या डोळ्यांनी वाचला, आणि तोही अर्धाच.

"काय सांगतंय, गुरजी?" नवसूनं विचारलं.

"काही नाही रे. जमीन तुझ्या नावावर झाली, त्याची नोंद घेणार आहेत. तारीख दिलीय."

"मंग जाव का मी?"

"कशाला? कायद्यानं झालेली गोष्ट तुझ्या जाण्यानं आणखी होणार आहे का?"

नवसू घुटमळला. "त्या दिशी माझे खाचरात लावणीची पाळी हाय. आख्खा पाडा येल. पाळी सोडली त मंग कोण येत नाय. पण तुमी बोला, त सोडतो."

त्यांच्याकडे लावणी पाळीनंच व्हायची. आज सगळ्यांनी याच्या चिखलात, उद्या त्याच्या. एकदा पाळी चुकली की रोपं आव्यातच, म्हणजे पेरल्या वाफ्यातच, म्हातारी व्हायची. तरीही तो पाळी सोडायला तयार होता. माझ्या एका शब्दाची वाट बघत तो पावसात उभा होता.

"मुळीच सोडू नकोस," मी म्हणालो. "जा, लावणी कर. मालकासारखी कर."

तो खूश होऊन गेला.

त्याच्याच पाड्यावरच्या गोजाबाईलाही तसलीच, त्याच तारखेची नोटीस आली होती. नवरा गेलेला, एकच खाचर, तेही काठावरचं. तिलाही मी हेच सांगितलं. म्हातारीनं नीट ऐकून घेतलं आणि कागद परत मागितला.

"तुमी सांगताव ते खरा असंल, गुरजी. पण माला काय कळत नाय. माझा नाव घातलाय त्यात. जाऊन येतां."

"अहो गोजाबाई, एवढ्या पावसात कशाला तंगडतोड करता? तिथं जाऊन बोलणार काय?"

"ते इचारतील ते बोलीन."

मी हसलो. पाड्यावरच्या चार माणसांसमोर हसलो. म्हणालो, "जाऊ द्या, हवा खाऊन येतील." ती चारही माणसं हसली. नवसू त्यांतला एक होता.

गोजाबाई पहाटे इरलं घेऊन निघाली. दिवसभर कचेरीच्या ओट्यावर बसली. नाव पुकारल्यावर आत गेली. साहेबांनी विचारलं, "बाई, ही जमीन तुम्हाला घ्यायची आहे का?" ती म्हणाली, "घ्याची हाय." त्यांनी लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला. एवढंच काम होतं. ती चालत परत आली. त्याच वेळी नवसूच्या खाचरात शेवटची मूठ लावून होत होती.

वर्षभर मला काही कळलं नाही. कळून घ्यायचं मनातही आलं नाही. निकालाचा कागद चावडीच्या भिंतीवर डकवला होता म्हणे. चावडीवरून मी रोज दोनदा जात होतो. पण कागद लोक मला आणून दाखवायचे. मी होऊन कशाला वाचायला जाऊ?

पुढच्या पावसाच्या तोंडाशी मालकाची माणसं नांगर घेऊन आली. नवसू धावत शाळेत आला. मी वर्ग सोडला आणि तावातावानं बांधावर गेलो. "कायदा आहे! जमीन याची आहे!" मी ओरडलो. मालकाच्या माणसानं वाद घातला नाही. शांतपणे एक कागद माझ्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी कागद शेवटपर्यंत वाचला. कूळ नेमल्या तारखेस हजर राहिले नाही, सबब त्यास जमीन घेण्याची इच्छा नाही असे समजून त्याचा हक्क संपला आहे.

मी नवसूला जुनी नोटीस आणायला सांगितली. त्यानं ती अजून फडक्यात जपून ठेवली होती. खालच्या चार ओळींत सगळं होतं. हजर राहावे, जमीन घ्यायची आहे की नाही ते सांगावे, न आल्यास काय होईल. मराठीत, शाळेतल्या चौथीच्या मुलाला वाचता येईल अशा अक्षरात. नवसूला मी एवढंच सांगितलं की त्या दिवशी जायला हवं होतं.

मी जव्हारला तीन खेपा घातल्या. दाद मागायची मुदत केव्हाच टळली होती. तिथला कारकून माझ्याच वयाचा होता. त्यानं मला विचारलं, "त्याला वाचून दाखवणारं कुणी नव्हतं का हो?" मी म्हणालो, "नव्हतं." नवसू माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

नवसू आणि सकू घर मोडून सूर्यमाळकडे तिच्या भावाच्या पाड्यावर गेली, जंगलाच्या कूपात, म्हणजे तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकूडतोडीला. मीही बदली मागून घेतली. मिळाली ती मोखाड्याची. तिथं मी कुणाचा कागद वाचत नसे. डोळे दुखतात, असं सांगायचो.

सूर्यमाळकडची माणसंही मोखाड्याच्याच बाजाराला यायची. वर्षभरानं एका बाजाराच्या दिवशी नवसू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वाळला होता. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं. त्यानं फडकं सोडून कागद काढला. जंगलखात्याचा होता, वर्षाच्या बोलीवर उतारावरचा एक तुकडा नाचणीला मिळणार होता, त्याबद्दल काहीतरी.

मी तो कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत दोनदा वाचला. त्यातल्या दोन अटी मला खरंच समजल्या नाहीत.

"नवसू, मला माहीत नाही," मी म्हणालो.

तो गोंधळला. मग त्याचा चेहरा पडला. "गुरजी, माझेवर रागावलाव का? माझा काय चुकला?"

"तुझं नाही रे, माझं चुकलं. तुझी जमीन माझ्यामुळे गेली. त्या कागदात जायला सांगितलं होतं. मी तो पुरता वाचलाच नाही. मला कळत नव्हतं, आणि मी कळतंय असं सांगितलं." भर बाजारात मी हे मोठ्यानं बोललो. त्यानं मला शिव्या द्याव्यात, चार लोकांसमोर माझी लाज काढावी, असं मला मनापासून वाटत होतं.

नवसूनं माझा हात धरला. समजूत घालावी तसा बोलला, "नाय गुरजी. असा नका बोलू. तुमाला समदा ठावा हाय. तुमी जा बोलला असाल. पाऊस लय होता, मीच बरोबर आयकला नसंल. सकूलाबी मी तसाच सांगलाय."

म्हणजे वर्षभर तो स्वतःलाच दोष देत होता, आणि त्याची बायकोही त्यालाच. मी पुन्हापुन्हा सांगत राहिलो. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता आणि त्यातलं एक अक्षरही खरं मानत नव्हता.