दोन दातांचा दावा

बन्सीधर गुरुजींनी टेबलावर वाकून आ केला आणि वरच्या ओळीतल्या खिंडारावर बोट ठेवलं.

"हा सडका होता. अन् हा शेजारचा, ठणठणीत. डॉक्टरनं आधी ठणठणीतच उपटला. मग म्हणतो, अरेच्चा, हा नव्हता वाटतं!"

विम्याच्या कचेरीतल्या माणिकरावांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"मिटा गुरुजी तोंड. सडक्याचे पैसे मंजूर हायेत. चांगल्याचे होणार न्हाईत."

"का बरं?"

"त्याला रोग कुठं होता? विमा रोगाचा असतो."

"मग चांगला दात मी हौसेनं काढून घेतला काय?"

"डॉक्टरनं तसंच कळवलंय. 'हाच का?' म्हणून विचारलं, तर पेशंटनं मान डोलावली."

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सोनपेठहून परभणीला ही कितवी खेप, ते मोजणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का पुसट. मधेच नामांतराच्या बंदात एसटी अर्ध्या वाटेवरून माघारी वळलेली. नव्या दातांचं तर विचारूच नये. ते नटण्यामुरडण्यात मोडतात, असं मागच्या खेपेला याच टेबलावरून उत्तर मिळालं होतं. पगारातून हप्ता कापताना मात्र कुणी काही विचारत नव्हतं.

"नटायला? माणिकराव, मी कीर्तनात महाराजांच्या मागं उभा राहून चाल म्हणतो. जन्म गेला त्याच्यात. आता शब्द दातावर थांबतच न्हाई, नुसता वारा निघतो. अन् सप्ता तोंडावर आलाय."

"नियमाला टाळ-मृदंग कळत न्हाई, गुरुजी." माणिकरावांनी इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "एक वाट हाय. मान डोलावली न्हाई, असं शपथेवर द्या. चूक डॉक्टरची ठरली की नवे दातसुद्धा त्यातच बसतील. तुमी माळकरी माणूस. तुमच्या शपथेपुढं त्या डॉक्टरचं कोण ऐकतंय?"

गुरुजींचा हात गळ्यातल्या तुळशीमाळेवर गेला. किती दिवसांनी त्यांना मोकळा श्वास आला.

"आत्ता देतो."

"आज शपथेचे साहेब न्हाईत. उद्या या."

घरी येईपर्यंत दिवस कलला होता. पिशवी खुंटीला लावायच्या आधीच गुरुजी सुरू झाले.

"मी म्हणं मान डोलावली! अगं, माझं त्याच्याकडं ध्यान तरी होतं का? दवाखान्याच्या खालीच मारुतीच्या देवळात भजन चाललेलं. काय मृदंग वाजवीत होता कोणी, वा! त्याच्याच भरवशावर तर मी आ करून बसलो."

"लय वेळा सांगितलंत," पार्वतीबाई म्हणाल्या. "उद्या शपथ घ्या अन् मोकळे व्हा. माझेबी कान सुटतील."

दिवेलागणीला विठोबाच्या देवळात सप्त्याच्या चालींची उजळणी होती. गुरुजी गेले, पण टाळ घेतला नाही. खांबाला टेकून, ओठ घट्ट मिटून बसले. समोर बायकांत पार्वतीबाई होत्या. सटवाजीनं मृदंगाला कणीक लावली, दोन थापा मारून बघितल्या, आणि चाल सुरू झाली. गुरुजींच्या मनात डॉक्टरचाच उद्धार चालला होता. आवर्तन फिरत फिरत आलं, सम पडली आणि गुरुजींची मान झोकात खाली गेली.

पुन्हा आवर्तन. पुन्हा मान.

कशानं कोण जाणे, त्यांनी वर बघितलं. पार्वतीबाईंच्या टाळ्या थांबल्या होत्या. त्या थेट त्यांच्याकडंच बघत होत्या. बघता बघता त्यांनी पदर तोंडाशी नेला.

गुरुजींनी पाठ खांबाला दाबली. मान अवघडल्यासारखं करत हात मागे नेऊन मानगूट घट्ट धरलं. नजर विठोबाच्या पायांवर ठेवली. सटवाजीचा हात चढत गेला. थाप पडली, आणि हातासकट मान खाली गेली.

सकाळी पार्वतीबाईंनी धुतलेलं धोतर काढून ठेवलं. टोपी, पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. गुरुजी ओसरीवर माळेचे मणी चाचपत बसले होते. स्टँडावरून हॉर्न ऐकू आला.

"परभणीची लागली वाटतं."

दुसऱ्यांदा हॉर्न वाजला, लांबलचक.

"काय ठणाणा लावलाय सकाळच्या पारी!" ते एकदम खेकसले. "येणारे येतात, न येणारे न्हाई येत!"

पार्वतीबाई उंबऱ्यात उभ्याच होत्या.

"ताक हाय का?" गुरुजींनी रस्त्याकडं बघत विचारलं.

"हाय."

"भाकर कुस्कर त्यात. बारीक कर जरा."

पार्वतीबाईंनी पिशवीतली बाटली काढून घेतली आणि पिशवी परत खुंटीला लावली.