न मोडणारे चाक

मित्रांनो, मी रिमोटवर चालणारा एक जुना रणगाडा आहे. लांबी तेरा इंच. तुमच्याशी मी वाचनालयाच्या नव्या लाकडी जमिनीखालून बोलतो आहे. माझ्या डोक्यावरची फळी कालच बसली. उघडी फट आता फक्त भिंतीपाशी आहे, माझ्यापासून बारा फुटांवर. सुतारकाका तीही बुजवायला घेत आहेत.

मला एका बहीण-भावाने लहानपणी सुट्या भागांतून जोडले. पुढे ताई धातूचे भाग कातणाऱ्या लेथवर काम करू लागली, धाकटा वायरमन झाला, आणि मलाही काम मिळाले. हात पोहोचत नाही अशा पोकळीत मी शिरायचो, मागे बांधलेली दोरी पलीकडे न्यायचो. मग त्या दोरीने वायर ओढली जाई.

"आमचा सगळ्यात गुणी कामगार," धाकटा सांगायचा. "चहासुद्धा मागत नाही!"

माझ्यात एकच खोड होती. चाकांभोवतीच्या पट्ट्यात काही अडकले की गिअरबॉक्समधल्या प्लास्टिकच्या चाकाचे दात उडत. सहा वर्षांत ते चाक अकरा वेळा बदलले.

"ताई, एकदाचं पोलादी कर ना गं," धाकटा वैतागून म्हणाला.

ताईने पोलादी चाक स्वतः बनवले. मोटरही दुप्पट ताकदीची बसवली. "आता हे तुटलं तर माझं नाव बदल."

ते तुटले नाही, मित्रांनो. घात तिथेच झाला. आज दुपारी पट्ट्यात खिळा अडकला. मोटर जोर लावत राहिली आणि जळाली. चाके जागच्या जागी आवळली गेली. पूर्वी दात उडाले की पट्टे मोकळे होत आणि धाकटा मला दोरीने अलगद मागे घेई. ते प्लास्टिकचे चाक स्वतः मोडून मला सोडवत होते. आम्ही तिघांनीही त्यालाच नावे ठेवली.

"हळू ओढ रे!"

"हळूच ओढतोय. हलतच नाहीये गं!"

दोरी माझ्याजवळ तुटली.

"काका, एक फळी उचला ना," धाकट्याचा आवाज चिरकला.

"एक कसली? एकमेकींत अडकवल्यात त्या. वीस तरी निघतील, निम्म्या फुटतील. उद्या वाचनालय उघडायचंय, बाबा. वायर भिंतीवरून ने."

"वायरचं कोण बोलतंय, काका?"

काकांनी हातोडी उचलल्याचा आवाज आला.

मित्रांनो, माझा दिवा अजून जळतो आहे. मी इथे आहे! तुमच्या यंत्राला बळकट जरूर करा, पण आधी एवढे पाहा, की त्यातला कोणता भाग मोडण्यासाठीच ठेवला आहे. तो जपा. त्याला कमजोर म्हणून काढून टाकू नका. माझ्यासाठी हे सांगायला आता उशीर झाला आहे.

"थांबा, काका. ती शेवटची फळी द्या इकडे." ताई फळीच्या खालच्या बाजूवर पेन्सिलीने लिहिते आहे आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणते आहे. मला ऐकू यावे म्हणून असेल.

"इथे आमचा रणगाडा आहे. सापडला तर खिळा काढा. चाक प्लास्टिकचं बसवा. चूक माझी आहे."

फळी खाली येते आहे.