रिकामा फ्लॅश

मी बोलतेय ती कॅमेऱ्याची बॉडी. पूर्ण कॅमेरा नव्हे. पुढची लेन्स काढून घेतली की जे काळं, जड धूड उरतं ते म्हणजे मी. मला स्वतःला काही दिसत नाही. ज्याची लेन्स लावाल त्याच्या डोळ्याने मी बघते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या पुष्कळ जणी एका रांगेत होत्या, त्यामुळे त्याचं मला फारसं कौतुक नाही. पहिला मालक दादरचा वरद. त्याने हौसेने मला घेतलं, पार्कातले पक्षी काढले, मित्रांचे वाढदिवस काढले आणि चांगला मोबाइल आल्यावर मला कपाटात ठेवून दिलं. त्याची आई दर दसऱ्याला मला बाहेर काढायची, हळदकुंकू वाहायची, झेंडूचं फूल ठेवायची. पूजा होती, पण काम नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "विकून टाक रे, कोणाच्या तरी उपयोगी पडेल." अशी मी फोर्टातल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काचेआड जाऊन बसले.

तिथे दीपिका आली. परळच्या चाळीत राहणारी, ऑफिसात नोकरी करणारी मुलगी. तिच्या पिशवीत तिच्या वडिलांच्या दोन लेन्स होत्या, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या. दुकानदाराने एकेक लेन्स मला लावून पाहिली. रोलच्या जमान्यातल्या त्या, पण माझ्याच कंपनीच्या. खट् करून बसल्या.

"वापरणार कोण?" दुकानदाराने विचारलं.

"पप्पा. लग्नाचे फोटो काढायचे. रोल बंद झाले तसे घरीच बसले."

"महिनाभर वापरून बघा. काही निघालं तर परत आणा."

बसमध्ये बसल्यावर तिने आईला फोन लावला. "मम्मी, बॉडी मिळाली गं. घेऊन येते घरी." शेजारची बाई उठली आणि दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

रामदासांनी, म्हणजे दीपिकाच्या वडिलांनी, मला हातात घेतलं तेव्हा मला बरं वाटलं. वजन तोलायची सवय असलेला हात होता. पण त्या हाताच्या सवयी रोलच्या होत्या. प्रत्येक फोटोनंतर त्यांचा अंगठा रोल पुढे सरकवायची दांडी शोधायचा. ती माझ्या अंगावर नाहीच.

"अहो, त्या अंगठ्याला सांगा आता," त्यांच्या पत्नी कांताबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या.

माझ्या पाठीवर छोटा पडदा आहे, त्यावर काढलेला फोटो लगेच दिसतो. रामदास तिकडे बघायचेच नाहीत. दीपिका म्हणायची, "पप्पा, हे बटण दाबा, फोटो दिसेल."

"काढताना दिसला होता की मला."

पहिलं काम मिळालं ते दोन चाळी सोडून राहणाऱ्या प्रफुल्लच्या लग्नाचं. दीपिकाने आईला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "हे नीट झालं ना, तर पप्पांना पुढची कामं येतील. नाही तर ते पुन्हा दिवसभर टीव्हीसमोर." ते मी ऐकलं. रामदासांनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी सगळ्या बॅटऱ्या पुन्हा चार्जिंगला लावल्या.

लग्न वडाळ्याच्या हॉलमध्ये होतं. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं, नवरानवरीने प्रतिज्ञा घेतल्या, हार घातले, वरून पाकळ्या पडल्या. पांढऱ्या कपड्यांचे फोटो काढणं सोपं नसतं, कपडा करडा दिसतो किंवा चेहरे काळे पडतात. रामदासांनी दोन्ही सांभाळलं. माझं मलाच नवल वाटलं.

मग नातेवाइकांची स्टेजवर रांग लागली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. रोलच्या दिवसांत फोटो मोजके, आणि स्टेजवर चढणारी माणसं संपायची नाहीत. कोणाला नाही म्हणणार? म्हणून फोटोवाले एक युक्ती करायचे. फ्लॅशच्या पाठीला, तो चालतो की नाही हे तपासायचं एक बारीक बटण असतं. तेवढंच दाबायचं. लख्ख उजेड पडतो, माणूस खूश होऊन खाली उतरतो, आणि रोल होता तिथेच राहतो. त्याला रिकामा फ्लॅश म्हणायचे. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

माझ्यात रोल नाही. वाचवायचं काहीच नव्हतं. पण रांग संपत आली तेव्हा एक म्हातारी एकटीच जिना चढून आली. धुऊन धुऊन विरलेली पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. माइकवरून तिचं नाव कोणी पुकारलं नाही. ती प्रफुल्लच्या बाजूला उभी राहिली, पदर सारखा केला आणि समोर बघू लागली. मी तयार होते. पण रामदासांचं बोट माझ्यावर आलंच नाही. अंगठा फ्लॅशच्या मागे गेला. उजेड पडला. म्हातारी हसली आणि खाली उतरली.

आठवड्याने प्रफुल्ल फोटो निवडायला घरी आला. एकेक फोटो बघून "काका, मस्तच!" म्हणत होता. पुढच्या महिन्यात मेव्हणीचं लग्न आहे, तुम्हीच यायचं, असंही म्हणाला. दीपिकाने आईकडे बघितलं. मग त्याने विचारलं, "सुंदराबाई आजीचा कुठाय?"

"कोण रे?"

"आधी आम्ही वडाळ्याला राहायचो, तिथली शेजारीण. आई हॉस्पिटलात कामाला, मी शाळेतून आलो की आजीकडेच जेवायचो. तिला मोठा फोटो करून द्यायचाय. दुसरं काही घेतच नाही ती."

दीपिकाने सगळे फोटो वरखाली केले. "नाहीये रे."

"असं कसं? फ्लॅश पडलेला मी बघितला."

रामदास फ्लॅशची बॅटरी काढू लागले. दीपिकाच म्हणाली, "सेकंडहँड बॉडी आहे ना, होत असेल कधी कधी."

"असू दे. मशीनच ती," प्रफुल्ल म्हणाला. पण मेव्हणीच्या लग्नाबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही.

तो गेल्यावर दीपिकाने माझी लेन्स उतरवली, मला खोक्यात ठेवलं. "उद्या परत देऊन येते. महिना व्हायचाय अजून."

जुन्या वस्तूवर आळ पटकन बसतो. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोलले असते. ज्यांना होतं ते जेवायला बसले. "अहो, भात तसाच राहिला," म्हणत कांताबाईंनी ताट उचललं.

सकाळी दीपिका खोकं घेऊन निघाली. चपला घालताना मागून आवाज आला, "ठेव ते खाली."

"का?"

"तिच्यात बिघाड नाही. मी बटण दाबलंच नव्हतं. रिकामा फ्लॅश मारला."

दीपिकाने खोकं खाली ठेवलं. "पण पप्पा, आता कुठे रोल वाचवायचा होता?"

"नव्हताच. नवरीच्या मामाला नाही ना मारला रिकामा? म्हातारीलाच मारला. हाताने माणूस बघून मारला." ते खुर्चीवर बसले. "फोन लाव प्रफुल्लला. मीच सांगतो."

त्यांनी सांगितलं, सगळं. मग प्रफुल्ल म्हणाला, "रविवारी येता का काका वडाळ्याला, आजीच्या घरी? आम्ही दोघं येतो."

सुंदराबाईंनी तीच पांढरी साडी नेसली होती. "परत कशाला रे? त्या दिवशी काढलास की. केवढा उजेड पडला होता!"

"आजी, तो नुसता उजेड होता," रामदास म्हणाले. "फोटो मी काढलाच नव्हता."

म्हातारीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "बरं. आता सांगून काढ. माझे डोळे मिटतात."

दारातून चांगला प्रकाश येत होता. रामदासांनी फ्लॅश लावला नाही. तिघांना चौकटीत उभं केलं, आणि या वेळी बोट माझ्यावर आलं.

"झाला आजी."

"कुठे झाला? उजेड कुठे पडला? पुन्हा फसवतोस होय रे मेल्या?"

प्रफुल्ल आणि त्याची बायको हसत सुटली. रामदासांनी मला उलटं केलं, आपणहून बटण दाबलं आणि पडदा तिच्यापुढे धरला. तिने मला दोन्ही हातांनी घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं. स्वतःकडे तिने बघितलंच नाही.

"केवढा मोठा झालास रे प्रफुल्ल्या," ती म्हणाली.

त्याला आता काही महिने झाले. मी परळलाच आहे. माझ्या पकडीवरचं रबर सुटत चाललंय, दीपिका ते चिकटवून देते. मेव्हणीचं काम दुसऱ्याला गेलं. पण प्रफुल्लने ऑफिसातल्या एकाकडच्या बारशाचं काम रामदासांना मिळवून दिलं, आणि परवा कोणीतरी साखरपुड्याचं विचारून गेलं. हळूहळू चाललंय. त्यांचा अंगठा अजून दांडी शोधतो. फ्लॅशच्या मागे मात्र जात नाही.

माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरच्या कार्यात कोणी एकटंच स्टेजवर चढलं, तर फोटोवाल्याला त्या माणसाचं नाव सांगा. मग आम्ही दोघं बघून घेऊ.