डाव्या हाताची जाहिरात

डिझीफा घानातल्या 'हो' नावाच्या गावाहून राजधानी अक्राला आली ती कापडाच्या दुकानांच्या एका मोठ्या कंपनीत. काम नव्हतंच खरं तर. कॉलेजनं पाठवलेल्या पोरीनं आधी मार्केटिंगवाल्यांच्या, मग चित्रं-जाहिराती करणाऱ्यांच्या मागे सावलीसारखं फिरायचं आणि शिकायचं, एवढंच. सावलीला तोंड नसतं, हे मार्केटिंगच्या प्रमुख फ्रेम्पोमा मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"बघायचं, ऐकायचं. विचारलं तरच बोलायचं. जमलं तर परीक्षा झाल्यावर इथेच नोकरी. नाही जमलं तर हो गाव कुठे पळून गेलेलं नाही."

डिझीफाला ती नोकरी मनापासून हवी होती. हो गावाला परतायचं म्हणजे मावशीच्या शिवणाच्या दुकानात बसायचं, आणि मावशीची बोलणी दिवसभर ऐकायची. लहानपणी डिझीफा डाव्या हातानं जेवायला लागली की याच मावशीनं त्या हाताला मिरची चोळली होती. हात काही सुधारला नाही. ऑफिसात ती सगळं उजव्या हातानं रेटायची, त्यामुळे लिहायला सगळ्यांत सावकाश. लोकांना वाटे, पोरगी विचारी आहे.

चित्रांचा विभाग न्यार्को अंकल सांभाळायचे. माणूस प्रेमळ, दुपारी केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उंडे, आणि तळलेला मासा तिच्यासमोर सरकवल्याशिवाय स्वतः घास घेत नसत. मदर्स डेसाठी त्यांनी फोटो काढवून घेतला होता: मुलगी आईला नवं कापड देतेय, आई दोन्ही हात पसरून घेतेय. फोटो झकास होता. फक्त पोरीची पाठ कंपनीच्या नावाकडे येत होती, आणि जाहिरातीतल्या माणसानं नावाकडे पाठ करायची नाही, हा या धंद्यातला जुना नेम.

अंकलनी कॉम्प्युटरवर फोटो आरशात दिसावा तसा उलटवला. पोरगी नावाकडे बघू लागली.

"ये, बघ जरा. काही खटकतंय?"

डिझीफानं बराच वेळ पाहिलं. उजव्या हातातलं कापड आता पोरीच्या डाव्या हातात होतं. चेहऱ्यावर ना शरम, ना घाई. ते पाहून डिझीफाला आतून इतकं बरं वाटलं की ती पटकन म्हणाली, "नाही. आता छान वाटतंय."

ते चित्र मॅडमनी पाहिलं, त्यांच्या वरच्या साहेबांनी पाहिलं. सगळ्यांनी कंपनीचं नाव पाहिलं, सवलत पाहिली आणि मान हलवली.

शहरभर फलक लागले आणि कानेशीच्या बाजारासमोरचा पाहून तासाभरात कापड विकणाऱ्या बायकांनी कपाळाला हात लावला. जन्मदात्या आईला डाव्या हातानं? एकीनं थेट रेडिओवर फोन केला. "कुणाची गं ही पोर? आईला कापड देतेय की कचरा टाकतेय?" दुपारपर्यंत सगळं अक्रा हसत होतं.

मॅडमनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. न्यार्को अंकलचा चेहरा पार उतरला होता.

"उलटवला मीच," ते म्हणाले. "माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

"आणि तू?" मॅडम डिझीफाकडे वळल्या. "तुला तर बघण्यापलीकडे दुसरं काम नाही. दिसलं नाही?"

"पोरीला कशाला मधे ओढता, मॅडम?" अंकल म्हणाले. "तिला काय कळतंय!"

नाही म्हटलं असतं तर सुटली असती. डिझीफा म्हणाली, "दिसलं होतं. चूक वाटली नाही. मी स्वतः डावरी आहे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरं. मग डावऱ्या माणसानंच सांगावं, आता काय करायचं? आज फलक उतरवले तर आपणच आपली फजिती कबूल केली. ठेवले तर उद्याही रेडिओ आहेच."

डिझीफाला विचार करावा लागला नाही. उजव्या हातात ओझं असताना कुणाला काही द्यायची वेळ आली की अख्खा देश जे म्हणतो, आणि समज आल्यापासून ती स्वतः दिवसातून दहा वेळा म्हणत आली होती, तेच तिच्या तोंडून निघालं.

"खाली पट्टी लावा. 'आई, डावा हात आहे, माफ कर. कापड मात्र अस्सल.'"

न्यार्को अंकल आधी हसले. मग मॅडम हसल्या, आणि मॅडम हसल्या म्हणून सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या लागल्या. कालच्याच बाईनं रेडिओवर पुन्हा फोन केला. "आता कशी शहाणी झाली पोर! आईला कळतं हो सगळं." बाजारातल्या बायका एकमेकींना डाव्या हातानं सुटे पैसे देऊन ते वाक्य म्हणायला लागल्या. कापड हातोहात संपलं. मॅडमनी डिझीफाला बोलावून सांगितलं, परीक्षा झाली की रुजू व्हायचं.

"आणि हे बघ," त्या मायेनं म्हणाल्या, "यापुढे इथे तुला कुठल्याही हातानं लिहायची मुभा आहे."

"थँक यू, मॅडम."

संध्याकाळी ती कानेशीला उतरली. नोकरी मिळाल्याचं आईला फोन करून सांगायचं होतं, पण ती फलकासमोरच थांबली. पोरगी तशीच उभी होती, हसत, डाव्या हातात कापड धरून. पायाशी वीतभर उंचीच्या अक्षरांत माफी. एक दिवस, फक्त एक दिवस, कुणीतरी भर रस्त्यात डाव्या हातानं दिलं होतं आणि कुणाची माफी मागितली नव्हती. डिझीफाला रडू आलं. फलकावरच्या पोरीच्या तोंडी ते शब्द मावशीनं घातले नव्हते, कानेशीच्या बायकांनीही नाही.