चंद्रकलेचा पहिला नंबर

मित्रांनो, मला हलवलं तर आत काहीतरी खुळखुळतं. ती माझी तुटलेली स्प्रिंग. मी एक जुनी, तीन सेलांची बॅटरी आहे. शहापूरच्या एका सिनेमाच्या टॉकीजमध्ये मी बारा वर्षं काम केलं, आणि त्या बारा वर्षांत एकही सिनेमा पाहिला नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. १९९३ साली टॉकीजचे मालक अनिलशेठ यांनी मला बाजारातून आणलं. तेव्हा माझ्या अंगावर चांदीसारखी चकाकी होती. दारावरचा डोअरकीपर नुकताच कल्याणला कामाला निघून गेला होता. शेठनी मला झाडू मारणाऱ्या चंद्रकलेच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आजपासून दार तुझं."

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. उशिरा येणाऱ्यांना खुर्ची दाखवायची, लगेच दाराकडे वळायचं, कुणाची चप्पल हरवली म्हणून बाकांखाली शिरायचं, पुन्हा दार. माझं तोंड कायम पडद्याच्या उलट बाजूला असायचं. म्हणून मला सिनेमे ठाऊक नाहीत, माणसांचे चेहरे ठाऊक आहेत. कोण हसता हसता थांबला, कुणी डोळे पुसून शेजाऱ्याकडे चोरून पाहिलं, हे मला आणि चंद्रकलेला बरोबर दिसायचं.

दर वर्षी एकतीस डिसेंबरला तीनचा खेळ सुरू झाला की टॉकीजची माणसं तिकीट-खिडकीपाशी चहा घेत बसायची. वर्षातला पहिल्या नंबरचा सिनेमा कुठला आणि पहिल्या नंबरचं काम कुणाचं, यावर जोरात वाद व्हायचा. शेवटी शेठ फळ्यावर खडूने नावं लिहायचे. मशीन चालवणारा धाऊ नेहमी मारामारीच्या सिनेमाचं नाव घ्यायचा. चंद्रकलेची निवड मात्र वेगळीच असायची. एका वर्षी तिने एका पोस्टमनचं नाव घेतलं. तो सिनेमात एकदाच येतो, एक तार देतो आणि जातो.

"त्याला काय काम होतं गो?" धाऊ हसला.

"तार देताना त्यानं नजर खाली घातली," चंद्रकला म्हणाली. "रडणारे बाकीचे होतेच. याला आधीच ठाऊक होतं, हे एकट्यानं दाखवलं."

पहिल्या नंबरचा सिनेमा शेठ जानेवारीत, म्हसा गावच्या जत्रेच्या आठवड्यात पुन्हा लावायचे. त्या दिवसांत मुरबाड-शहापूरची माणसं घराबाहेर पडलेली असतात. दर वर्षी धाऊचाच सिनेमा लागायचा. पण १९९७च्या सुरुवातीला लावलेला सिनेमा त्याच आठवड्यात केबलवर दाखवला गेला आणि टॉकीज ओस पडलं. म्हणून त्या डिसेंबरला शेठ म्हणाले, "या खेपेला चंद्रकलेचं ऐकू."

तिने निवडलेला सिनेमा भाताच्या बेणणीच्या, तण काढायच्या दिवसांत येऊन चार दिवसांत गेला होता. एक म्हातारी आपला विकलेला बैल शोधत गुरांच्या बाजारात जाते, एवढीच त्याची गोष्ट. बैल सापडतो. ती त्याच्या पाठीवर हात ठेवते, पण नवा मालक बघतोय म्हणून काढून घेते. "पहिला नंबर त्या म्हातारीचा," चंद्रकला म्हणाली. शेठनी तसं फळ्यावर लिहिलं.

धाऊला ते पटलं नाही. "नाय चालला तर शेठ दारावर माणूस तरी कशाला ठेवतील? मग तू आनि तुझी बॅटरी, दोघी घरी," तो म्हणाला. तो गमतीत बोलला, पण चंद्रकलेचा चेहरा उतरला. घरी तिची मुलगी वर्षा शाळेत शिकत होती आणि मिळवणारी ही एकटीच होती.

जत्रेच्या आठवड्यात सिनेमा लागला. शुक्रवारी पहिल्या खेळाला एकोणीस माणसं आली. चंद्रकला दारात उभी राहून माझं बटण दाबत होती. चालू, बंद, चालू, बंद. उजेड पाडायचं काही कारणच नव्हतं. ती बाहेर रस्त्यापर्यंत जायची, जीपमधून कोण उतरतंय ते बघायची, परत यायची, पुन्हा जायची. शनिवारी बावीस माणसं. रविवारी चौदा. माझे सेल उतरत चालले होते.

रविवारी तीनचा खेळ सुरू व्हायच्या आधी शेठ दारात आले. "चंद्रकला, उद्यापासून बदलतो. दुसऱ्या सिनेमाची पेटी मागवलीय."

"बदला शेठ," ती म्हणाली. मग थांबून तिने विचारलं, "पन तुमी बघितलाय का?"

"मी कुठला बघतोय? मला वेळ आहे का?"

"मी पन नाय बघितला. पुरा नाय."

शेठ तिच्याकडे बघतच राहिले. "मग नंबर कसा दिलास?"

"पाव सिनेमा पडद्यावर बघितला. बाकीचा लोकांच्या तोंडावर."

जिन्यात उभा असलेला धाऊ खो खो हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं. "जा, आत बस. आज दार मी बघतो."

ती शेवटच्या रांगेत खुर्चीच्या कडेवर टेकली. दार करकरलं की उठायची. दोनदा उठली, तेव्हा शेठ हळूच म्हणाले, "बस म्हटलं ना!" मग मात्र ती नीट मागे टेकून बसली.

मित्रांनो, तो खेळ मला फार जड गेला. शेठना मला धरता येत नव्हतं. जमिनीवर उजेड पाडायचा सोडून ते माणसांच्या डोळ्यांत पाडत होते. मला चंद्रकलेचा चेहरा पाहायचा होता, आणि त्या बाजूला मला कुणी वळवत नव्हतं. इंटरवलनंतर शेठनी मला विझवलं. ते दाराला पाठ लावून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

सिनेमा संपला. चंद्रकला बाहेर आली आणि माठातलं पाणी प्यायली.

"शेठ, माझं चुकलं," ती म्हणाली.

"सिनेमा वाईट आहे?"

"सिनेमा चांगलाच हाय. नंबर चुकला. ती सून हाय ना, चुलीपाशी बसलेली? सगळे तिला बोलतात आनि ती नुसती ऐकते. ती आली की मी दरखेपेला दारावर असायची. मला वाटलं, तिचं काहीच काम नाय. पहिला नंबर तिचा. म्हातारी दोन नंबर."

धाऊ म्हणाला, "आता सगळ्या शहापुरानं फळा वाचलाय! असू दे तसाच."

"वाचू दे. चूक ती चूक," असं म्हणून तिने पदराने फळा पुसला. शेठनी खडू घेतला आणि ती सांगेल तसं पुन्हा लिहिलं. नवी पेटी त्यांनी चार दिवस उघडलीच नाही.

त्यानंतर गर्दी लोटली असं मी खोटं सांगणार नाही. मंगळवारी जत्रेहून परतणाऱ्या बायकांचा एक टेम्पो थांबला, तेवढीच काय ती भरती. पण शेठनी एक नियम केला. दर गुरुवारी तीनच्या खेळाला चंद्रकलेने बसायचं आणि दार दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं. कधी शेठ स्वतः, कधी मशीनवर दुसऱ्याला बसवून धाऊ. धाऊच्या हातात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो पुटपुटला, "उभं राहून राहून चंद्रकलेचे पाय दुखत असतील की!"

२००५ साली टॉकीज बंद झालं. खुर्च्या गेल्या, पडदा गेला. चंद्रकलेने मला मागून घेतलं आणि घरी आणलं. वर्षा तोवर दुकानात नोकरीला लागली होती. मला फळीवर ठेवलं ते सेलांसकट. दोन पावसाळ्यांत सेल फुटले, पांढरा क्षार साचला आणि माझी स्प्रिंग गंजून तुटली. आता मी पेटत नाही. कुणी मुद्दाम केलं नाही हे, पण कुणी पाहिलंही नाही.

घरी आता टीव्ही आहे. परवा सिनेमा अर्धा झाल्यावर शेजारची सोनी कामावरून आली आणि दारातच घुटमळली. चंद्रकला सरकली, तिला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "बस गो. सुरुवातीचं मी सांगते."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी बॅटरी पडून असेल, तर तिचे सेल तेवढे काढून ठेवा. आणि तुम्हाला अंधारात जागा दाखवणारं कुणी दारात उभं असेल, तर त्याला कधीतरी पुरता एक खेळ बसून बघू द्या. तेवढा वेळ दार तुम्ही सांभाळा.