मुकादमाची सकाळ

मुकादम हा बोका होता, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर नसता गैरसमज व्हायचा. पावाच्या भट्टीत तो जन्मला, पिठाच्या पोत्यांवर वाढला आणि रात्रपाळीच्या माणसांमधून शेपूट वर करून अशा तोऱ्यात फिरू लागला की कुणीतरी त्याला मुकादम म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. उंदीर तो क्वचितच पकडायचा. पण खरे मुकादम तरी स्वतः कुठे पोती उचलतात?

मास्तर हे त्या भट्टीवरचे सगळ्यात जुने कारागीर. उभा जन्म त्यांनी रात्री पीठ मळलं आणि दिवसा झोप काढली. गेल्या हिवाळ्यात मालकाने यंत्र आणलं आणि मास्तरांना भिंतीवरचं एक घड्याळ देऊन निरोप दिला. मुकादम त्यांच्या मागोमाग आपणहून निघाला. घड्याळ थोड्याच दिवसांत बंद पडलं. मुकादम मात्र चालू राहिला, आणि सगळी अडचण तीच होती.

बायको पूर्वीच गेली होती, त्यामुळे मास्तर लेकीकडे राहायला आले. लेक उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवायची. तिचं घर लहान होतं आणि भिंती पातळ. घरात निजानीज झाली की मुकादम कामावर रुजू व्हायचा. आधी स्वयंपाकघरातल्या झाकणांची पाहणी, मग बाहेरच्या दाराला नखं घासणं, आणि शेवटी लेकीच्या खोलीबाहेर बसून असा टाहो फोडायचा की मेलेला माणूसही कूस बदलेल. त्याने तिच्या अक्षरशः नाकी नऊ आणले होते.

"बाबा, काल वर बसल्या बसल्या माझा डोळा लागला," एका संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली. तिचा आवाज भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं इतका साधा होता. "क्षणभरच. पण दोराला सळयांची मोळी लटकत होती आणि खाली माणसं होती."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "काही झालं नाही ना?"

"झालं असतं तर इथे जेवत बसले असते का? आमचा गोदामावरचा रखवालदार मुकादमला न्यायला तयार आहे. रविवारी सकाळी येईल. तोवर हा रात्री झोपायला शिकला तर राहील. नाहीतर मी तुमचंसुद्धा ऐकणार नाही."

लेकीचं बरोबर होतं, म्हणूनच मास्तरांना जास्त वाईट वाटलं. भट्टीवरचं असं आता त्यांच्याकडे होतं काय? एक बंद घड्याळ आणि हा बोका.

दुसऱ्या दिवशी ते मुकादमला पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, हातांवर ओरखडेच ओरखडे, म्हणजे माणूस अनुभवी असणार. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, "संध्याकाळी दमेपर्यंत खेळवा. मग पोटभर खायला घाला आणि दिवे मालवा. रात्री कितीही ओरडला तरी ढुंकून बघायचं नाही. पुढचं खाणं थेट सकाळी, तुम्ही उठल्यावर. रात्री एकदा जरी दिलंत, तरी सगळं पालथ्या घड्यावर पाणी."

मास्तर मापाचे पक्के होते. उभ्या जन्मात त्यांनी मिठाचं प्रमाण चुकवलं नव्हतं, ते डॉक्टरांचं काय चुकवतील! जुन्या बुटाची नाडी ओढत ते संध्याकाळभर खोलीतून फिरले. गुडघ्यांनी तक्रार केली, त्यांनी ऐकली नाही. मुकादमला पोटभर मासळी घातली, दिवे मालवले. सकाळ होईपर्यंत त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. उठल्यावर आधी त्याची ताटली भरली, मगच स्वतःच्या चहाचं बघितलं. तरी बोका ओरडतच होता. लेकीचे डोळे रोज थोडे अधिक लाल दिसत होते.

"डॉक्टर म्हणाले त्यात तसूभर फरक केला नाही मी," मास्तर म्हणाले. "ही जातच नाठाळ."

शुक्रवारी रात्री लेक पाणी प्यायला उठली तर स्वयंपाकघरात दिवा. मास्तर आंघोळ करून, भांग पाडून, धुतलेला सदरा घालून खाली बसले होते. समोर मुकादम मासळीवर ताव मारत होता.

"हे काय चाललंय?"

"सकाळचं खाणं देतोय."

"बाबा, बारा वाजलेत."

"हो ना, आज जरा उशीरच झाला," मास्तर ओशाळून म्हणाले. "म्हणूनच तर ओरडत होता."

लेक दाराला टेकून उभी राहिली. "सकाळ म्हणजे केव्हा, बाबा?"

मास्तरांनी खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहिलं. भट्टी पेटली की आत येणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'सकाळ झाली.' रात्र म्हटलं तर पाय उचलणार कुणाचा? त्यामुळे तिथे मध्यरात्र नावाची वेळच नव्हती. ती सकाळ मास्तरांच्या अंगात इतकी मुरली होती की जगाची सकाळ वेगळी असते हे डॉक्टरांसमोर त्यांच्या मनातही आलं नाही. मुकादम बिचारा सगळं नीट शिकला होता. शिकवणाऱ्याचं घड्याळ तेवढं भट्टीवर राहिलं होतं.

"तुम्ही रोज या वेळी उठता?"

"जाग येते. आंघोळ करतो, मग बसतो. याच्याशी बोलतो जरा. दोघांनाही काम नाही."

लेक सकाळी कामाला निघायची तेव्हा मास्तर घोरत असायचे. बाबांना इथे छान झोप लागते, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. आता तिला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. राग सांगणं सोपं होतं.

"मुकादम झोपायला हवा असेल तर आधी तुम्ही झोपा. उद्याची एकच रात्र आहे."

"आता या वयात? जित्याची खोड..."

"मेल्याशिवाय जात नाही, माहीत आहे मला. रविवारपुरती घालवा."

शनिवारी तिने अर्धी रजा टाकली आणि डॉक्टरांचे नियम दोघांनाही लावले. दुपारी मास्तरांची पापणी जड झाली की ती त्यांना बाहेर काढायची. तिने त्यांना पायी बांधकामापर्यंत नेलं, लांबून आपली क्रेन दाखवली. इतक्या उंचावर आपली पोरगी बसते हे मास्तरांनी प्रथमच पाहिलं, आणि खाली चालणारी माणसंही पाहिली. संध्याकाळी नाडीचा खेळ झाला. बोका आणि मास्तर दोघंही पोटभर जेवले. दिवे मालवले. मुकादम मास्तरांच्या नडग्यांवर पसरून झोपला.

वेळ झाली आणि मास्तरांचे डोळे टक्क उघडले. पाय जमीन शोधू लागले. पण पायांवर मुकादम होता, अर्ध्या पोत्याएवढा जड. हललं तर तो उठणार, उठला तर ओरडणार, ओरडला तर सकाळी रखवालदार आहेच. मास्तर पडून राहिले. तिकडे यंत्र पीठ मळत असेल, त्याला सकाळ झाल्याचं कुणी सांगत नसेल. भट्टीची त्यांना फार आठवण आली. एवढा वेळ नुसतं पडून कसं राहायचं, हे त्यांना कुणीच शिकवलं नव्हतं.

मुकादमने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मास्तरांनीच मांजराला फसवायला डोळे मिटले आणि झोपेतल्यासारखा सावकाश श्वास घ्यायला लागले.

दारावर टकटक झाली.

"बाबा, सकाळ झाली."

"कुणाची?" मास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं.

"सगळ्यांची." लेक आत आली. खिडकीतून पलंगावर ऊन आलं होतं आणि नडग्यांवर मुकादम अजून घोरत होता. "रखवालदार येऊन गेला. तुम्ही दोघं झोपला होतात, म्हणून उठवलं नाही."