तीन हजार मीटर, मुली

खेळाडू मुलीचा बाप होणं म्हणजे मुख्यतः बसून राहणं. माझी मुलगी सावनी लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. तिची शर्यत बारा-तेरा मिनिटांची, आणि तेवढ्यासाठी मी मैदानावर सात-आठ तास काढायचो. रोह्याहून सकाळची पहिली एसटी, मैदानावर नावनोंदणी, मग लांब उडी, गोळाफेक, शंभर मीटरच्या हीट्स, पाहुण्यांची वाट, पाहुण्यांचं भाषण. दुपारी तीनच्या उन्हात कुणाच्या तरी लक्षात यायचं की मुलींचे तीन हजार मीटर राहिलेत.

म्हणून मी सोबत जाड कादंबरी न्यायचो. पातळ कादंबरी अकरा वाजता संपते आणि मग इतर पालकांशी बोलावं लागतं. वाचनालयात मी आधी पानं बघायचो, मग नाव. कादंबऱ्यांबद्दल माझं काही गहन मत नाही. ज्यात माणसं कामधंदा करतात, ती मला आवडते. ज्यात ती नुसती खिडकीशी उभी राहून विचार करतात, ती मी चाळीस पानांत परत करतो. मी धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये होतो. दिवसभर मोजमाप करणाऱ्या माणसाची आवड अशीच असणार.

घरात गाणं पद्मजाचं, माझ्या बायकोचं. मी तिला तबल्याची साथ करतो, म्हणजे ठेका सोडत नाही इतपत. सावनीने गावं अशी पद्मजाची फार इच्छा होती. सावनी दोन वर्षं शिकलीही. मग एक दिवस पेटी बंद करून म्हणाली, "आई, मला बसून काही करायला आवडत नाही." तिसऱ्या दिवशी पद्मजा तिच्यासाठी बूट घेऊन आली.

तबल्याचा मैदानावर मला एकच उपयोग झाला. शाळांच्या स्पर्धांत ट्रॅक फक्कीने आखलेला, दोनशे मीटरचा असायचा. तीन हजार मीटर म्हणजे त्याच्या पंधरा फेऱ्या. चार बोटं, प्रत्येक बोटावर चार जागा, अशा सोळा मात्रा आम्ही हातावर मोजतो. शिट्टी झाली की मी अंगठा पहिल्या जागेवर ठेवायचो आणि दर फेरीला एकेक जागा पुढे सरकवायचो. अंगठा सोळाव्या जागेवर आला की शर्यत संपली.

शहाण्णवच्या डिसेंबरात पेणला जिल्हा स्पर्धा होत्या. सावनी तेव्हा नववीत होती. पहिली येणारी मुलगी विभागाला जाणार होती, आणि आमच्या शाळेतून आजवर कोणी विभागाला गेलं नव्हतं. शाळेचे खेळाचे शिक्षक हैबतराव सर सकाळपासून हे चार वेळा बोलून गेले होते.

शर्यत सुरू व्हायच्या आधी माझ्या शेजारी सावलीत एक माणूस येऊन टेकला. चाळिशीचा, पांढरा सदरा, पायांच्या भेगांत राखाडी चिखल वाळलेला.

"तुमची पोर कोणची?" त्याने विचारलं.

"ती निळ्या पट्ट्याची. तुमची?"

"ती, वेण्या वर बांधलेली. मृणाली. जित्याजवळ गाव आमचा. मी मिठागरावर हाय. जनू नाव." मग म्हणाला, "फेऱ्या किती असतात ओ?"

"पंधरा."

"मना आठाच्या पुढं ध्यान ऱ्हात नाय. पोरीला बघत बसतो न् आकडा जातो. तुमी मोजून सांगाल काय?"

मी कादंबरी मिटली. उजव्या हातावर सावनी घेतली, डाव्या हातावर मृणाली.

शिट्टी झाली. अकरा मुली होत्या. मृणाली अनवाणी धावत होती, पण ते काही विशेष नव्हतं, निम्म्या मुली अनवाणीच होत्या. विशेष होता तिचा पाय पडण्याचा वेग. पहिल्या फेरीला जो होता तोच सहाव्या फेरीला. पद्मजा गाताना मला ज्या लयीची कायम वाट बघावी लागते, ती त्या मुलीला कोणी न शिकवता आली होती. सावनी सुरुवातीला जोरात निघाली आणि पाचव्या फेरीपासून खांदे वर काढून धावायला लागली. आठव्या फेरीला दोघींत अर्ध्या ट्रॅकचं अंतर पडलं. अकराव्या फेरीच्या सुमारास मृणालीने मागून येऊन सावनीला गाठलं आणि ती पुढे निघून गेली. म्हणजे ती एक पूर्ण फेरी पुढे झाली.

"किती झाल्या?" जनू मधून मधून विचारायचा.

"तुमच्या मुलीच्या तेरा झाल्या, दोन राहिल्या." मग, "चौदा." मग, "झाल्या. पंधरा. पहिली आली तुमची मुलगी."

मृणाली रेषा ओलांडून थांबली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. एवढ्यात फेऱ्या मांडायच्या टेबलामागून एक पंच ओरडले, "थांबलीस काय? अजून एक राहिली. पळ!" टेबलावर काय घोटाळा झाला ते मला आजही सांगता येणार नाही. तिची एक फेरी मांडायची राहून गेली होती एवढं खरं. तिने मान वर करून पाहिलं. तेवढ्यात सावनी तिच्या बाजूने गेली, चौदा फेऱ्या पुऱ्या करून पंधराव्या फेरीसाठी. मृणाली पुन्हा धावायला लागली, पण एकदा थांबलेलं अंग लगेच ऐकत नाही. सावनी तिच्या पुढे राहिली. रेषेवर दोरी धरलेली होती ती सावनीच्या छातीला लागली, आणि हैबतराव सरांनी धावत येऊन तिच्या पाठीवर थाप मारली.

जनू उभा राहिला. "आता तुमीच बोललात ना, पंधरा झाल्या म्हणून? सायबांना सांगा की. माज्या बोलण्याला ते कान द्यायचे नायत. तुमी शिकलेली माणसं."

हरकत घ्यायला अर्धा तास असतो हे मला माहीत होतं. माझा उजव्या हाताचा अंगठा सोळाव्या जागेवर होता आणि डाव्या हाताचाही, कारण मृणालीची सक्तीची फेरी मी मोजलीच नव्हती. समोर सावनीभोवती शाळेतल्या मुली गोळा झाल्या होत्या. मी म्हणालो, "जनूभाऊ, माझंच मोजण्यात चुकलं असेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. वाद घातला नाही. "असंल," म्हणाला आणि मुलीकडे गेला.

बक्षीस समारंभ झाला. सावनीच्या गळ्यात पदक घातलं, मृणाली दुसरी म्हणून शेजारी उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळच्या एसटीत सावनी खिडकीशी बसली. वडखळ मागे पडल्यावर तिने विचारलं, "बाबा, ती मला मागून येऊन पास करून गेली होती ना?"

"हो."

"म्हणजे ती एक फेरी पुढे होती."

"हो."

"तुम्ही मोजत होतात. ते काका नंतर तुमच्याशी काय बोलत होते?"

मी सांगितलं. मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. नागोठणं आलं. मग म्हणाली, "चुकलं होतं का तुमचं?"

"नाही."

"मलाही कळलं होतं. ती वाकून उभी होती तेव्हाच कळलं. मी थांबले नाही."

"धावताना कोणी थांबत नाही, सावनी."

"नंतर तरी बोलता आलं असतं," ती म्हणाली. ते ती स्वतःबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही. मी वाचलेल्या कादंबऱ्यांतली खोटं बोलणारी माणसं आधी बराच विचार करतात, पानंच्या पानं. मला एक क्षणही लागला नव्हता, याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

घरी पद्मजाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या पत्र लिहा." मी स्पर्धा समितीला पत्र लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं की हरकतीची मुदत संपलेली असल्याने निकाल बदलता येत नाही, मात्र प्रथम क्रमांकाच्या खेळाडूने माघार घेतल्यास द्वितीय क्रमांकाला पाठवता येईल. सावनीने वहीचं पान फाडून तिथेच माघारीचा अर्ज लिहिला.

तो घेऊन आम्ही हैबतराव सरांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला. "फेऱ्या मोजणं पंचांचं काम आहे. तुमचं नाही."

"खरंय," मी म्हणालो. "पण मी मोजल्या."

"शाळेतून पहिल्यांदा कोणीतरी चाललं होतं," ते सावनीकडे बघून म्हणाले. अर्जावर त्यांनी सही केली, पण पुढे महिनाभर ते तिच्याशी कामापुरतंच बोलले, आणि संघाची कॅप्टन दुसरी मुलगी झाली. सावनीने त्याबद्दल घरी तक्रार केली नाही.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही दोघं जित्याला उतरलो आणि विचारत विचारत खाडीकडे गेलो. जनू घरी नव्हता, मिठागरावर होता. मीठ धरायच्या आधी वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. सहा-सात माणसं एका ओळीत, कमरेवर हात ठेवून, तालात पाय आपटत पुढे सरकत होती. त्यांत जनू होता आणि शेवटी मृणाली.

आम्हाला पाहून तो बांधावर आला. मी म्हणालो, "जनूभाऊ, त्या दिवशी मी खोटं बोललो. माझं मोजणं बरोबर होतं. तुमची मुलगीच पहिली आली होती."

"मना म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "तुमी दोन हातांवर मोजत व्हतात. एक हात चुकंल माणसाचा, दोन कसं चुकतील?"

मी त्याला पत्र आणि अर्ज याबद्दल सांगितलं. त्याने ऐकलं, मान हलवली. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही आणि मी माफी मागितलीही नाही.

मृणाली चिखलाच्या पायांनी थोडी दूर उभी होती. सावनी तिच्याजवळ गेली आणि खिशातलं पदक तिच्यापुढे धरलं. मृणालीने ते घेतलं नाही. आधी तिने मला विचारलं, "खरंच पंधरा झाल्या व्हत्या?"

"हो. तू थांबलीस ती बरोबर थांबलीस."

"आमचे सर ओरडले. बोलले, तुला साधं मोजता येत नाय, फेरी राहिली असताना थांबते कोण. मी घरी येऊन पण मोजत व्हते. मना वाटलं, मीच चुकले."

दहा-बारा दिवस ती मुलगी आपल्याच मोजण्यावर संशय घेत होती. मी जे केलं त्याची मापं मी एव्हाना मनात घेतली होती, पदक, विभाग, शाळेचं नाव. हे माप मी घेतलं नव्हतं.

"तुमच्या सरांना मी पत्र देतो," मी म्हणालो. "त्यात लिहितो तसं." बांधावर बसून, कादंबरी मांडीवर घेऊन तिच्यावर कागद ठेवला आणि ते पत्र लिहिलं. मृणालीने ते वाचलं, घडी केली आणि मग पदक घेतलं.

"चा घ्या," जनू म्हणाला. "आलात तर." आम्ही त्याच्या घरी चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने परत फिरलो.

विभागीय स्पर्धेत मृणाली चौथी आली. पेपरात एका ओळीत बातमी होती. सावनीने ती वाचली आणि म्हणाली, "मी गेले असते तर शेवटची आले असते." त्या आठवड्यापासून ती पहिल्या फेऱ्या सावकाश धावण्याचा सराव करायला लागली. कुंडलिका नदीच्या काठाने ती धावायची आणि मी सायकलवरून मागे, लय सुटली की घंटी वाजवायची हे माझं काम.

पुढच्या वर्षी जिल्ह्याला मृणाली पहिली आली, सावनी दुसरी. या वेळी पूर्ण फेरीचं अंतर नव्हतं, साठ-सत्तर मीटरचं होतं. मी हे हैबतराव सरांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "दिसलं मला," आणि मुलांच्या शर्यतीची नावं वाचायला लागले.